वयाचा दाखला आणि कामाचा कस

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. फर्ग्युसन महाविद्यालयातली गणिताची नोकरी त्यांनी १९१४ मध्ये सोडली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. तेव्हा त्यांचं वय होतं ५८. महाराष्ट्र शासनाचा अधिकारी आज ज्या वयात शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो, नेमकं तेच वय. पुढे ७१ व्या वर्षी ते विद्यापीठाच्या कामासाठी परदेश दौऱ्यावर निघाले आणि ८६ व्या वर्षी, १९४४ मध्ये, त्यांनी समता संघ स्थापन केला.

भाषणात हे उदाहरण दिलं की टाळ्या पडतात, पण त्यातून निष्कर्ष काढता येत नाही. असा माणूस लाखांत एखादा निघतो. त्याच ५८ व्या वर्षी थकलेली, विसराळू झालेली, रोजचं टपालही वेळेत उरकत नसलेली माणसंही आपण सगळ्यांनी कचेऱ्यांतून पाहिली आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे की या दोन प्रकारच्या माणसांना एकच तारीख लावण्यामागे आधार कोणता? वाढत्या वयात माणसाच्या बुद्धीचं काय होतं, याबद्दल गेल्या साठ-सत्तर वर्षांत बरंच काही कळलं आहे. त्यातलं काही या तारखेशी जुळतं का?

महाराष्ट्रात हा वाद दर एक-दोन वर्षांनी पेटतो. राजपत्रित अधिकारी महासंघाची मागणी जुनी आहे: केंद्रात ६०, इतर अनेक राज्यांत ६०, मग इथेच ५८ का? ती बातमी छापून आली की पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये संताप उसळतो. स्पर्धा परीक्षांची वयोमर्यादा ओलांडत चाललेली मुलं-मुली विचारतात, आमच्या जागा आणखी दोन वर्षं अडवणार का? दोन्हीकडची तळमळ खरी आहे. पण वाद चढला की दोन्ही बाजू वयाबद्दल काहीतरी गृहीत धरून बोलू लागतात. एक म्हणते, अनुभवाला पर्याय नाही. दुसरी म्हणते, पन्नाशीनंतर यांचं डोकं चालत नाही, यांना साधी एक्सेल शीट उघडता येत नाही. दोन्ही वाक्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती तपासून घ्यायला हवीत.

निवृत्तीच्या वयाचा इतिहास पाहिला तर त्यात बुद्धीचा विचार कुठेच सापडत नाही. १८८९ मध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या काळात वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला तेव्हा वय धरलं होतं ७०. १९१६ मध्ये ते ६५ वर आलं. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकर आधी ५५ व्या वर्षी निवृत्त होत, १९६२ मध्ये ते वय ५८ झालं आणि १९९८ मध्ये ६०. तिजोरीवरचा भार, भरतीचा दबाव आणि संघटनांची ताकद यांतून हे आकडे ठरत गेले. सरासरी आयुर्मान वाढलं म्हणून निवृत्तीचं वय वाढवा, असाही एक युक्तिवाद नेहमी होतो. तोही जपून वापरायला हवा. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचं सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, आता ते ७० च्या घरात आहे. पण त्या जुन्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा फार मोठा होता. तेव्हाही जो माणूस पन्नाशी गाठायचा तो पुढे बरीच वर्षं जगायचा.

आपले नियम तर एकमेकांशीही जुळत नाहीत. महाराष्ट्र शासनात गट अ ते गट क मधल्या, म्हणजे प्रामुख्याने टेबलावर काम करणाऱ्यांना ५८ ला निवृत्त व्हावं लागतं आणि गट ड मधल्या शिपाई, पहारेकरी, सफाई कामगारांना ६० ला. ज्यांचं काम अंगमेहनतीचं, ते दोन वर्षं जास्त राबणार आणि ज्यांचं काम वाचण्या-लिहिण्याचं, निर्णयाचं, ते आधी घरी जाणार! वयाने क्षमता घटते हे या नियमामागचं कारण असतं तर क्रम उलटा हवा होता. न्यायाधीशांचं पाहा. राज्यघटनेनुसार उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ ला निवृत्त होतो आणि सर्वोच्च न्यायालयाचा ६५ ला. म्हणजे मुंबई उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींना दिल्लीला बढती मिळाली तर त्यांची बुद्धी ६५ पर्यंत शाबूत, आणि नाही मिळाली तर ६२ लाच काम संपलं. माणूस तोच, कायदा तोच. या तारखा प्रशासनाच्या सोयीच्या आहेत आणि सोय हे कारण चालेलही. पण मग ती सोय म्हणूनच मांडावी. तिला क्षमतेचा मुलामा दिला की त्या तारखेच्या जवळ आलेल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघायची सवय साऱ्या कचेरीला लागते.

आता बुद्धीकडे वळू. ती वयाबरोबर घटते का? हो, घटते, आणि आपल्याला वाटतं त्याच्या बरीच आधी घटायला लागते. लंडनमधल्या ब्रिटिश सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात ४५ ते ७० वयाच्या सात हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या चाचण्या दहा वर्षांत तीनदा घेतल्या गेल्या. अर्चना सिंग-मानू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. तर्कशक्तीच्या चाचणीत ४५ ते ४९ वयाच्या पुरुषांचे गुण दहा वर्षांत ३.६ टक्क्यांनी घसरले होते आणि ६५ ते ७० वयाच्यांचे ९.६ टक्क्यांनी. स्मरणशक्ती उतरली, शब्द झटपट आठवण्याचा वेग उतरला. शब्दसंग्रह मात्र उतरला नाही.

हे आकडे ज्येष्ठांची बाजू मांडणारेही अनेकदा झाकून ठेवतात. झाकण्याची गरज नाही. घसरण पंचेचाळिशीतच सुरू होते हे मान्य केलं की आपोआप पुढचा प्रश्न येतो: मग पंचेचाळिशीतल्या तहसीलदाराला, शल्यविशारदाला, मुख्याध्यापिकेला कामावरून काढा असं कुणी का म्हणत नाही? कारण उघड आहे. चाचणीतली ती घसरण कामात दिसत नाही. उलट बहुतेक क्षेत्रांत पंचेचाळिशी-पन्नाशीच्या माणसांच्या हातात सगळ्यांत जबाबदारीची कामं असतात. कुठल्याही माहितीचा आधार न घेता, कोऱ्या कागदावरचं नवं कोडं किती सेकंदांत सुटतं, हे चाचणी मोजते. नोकरीत अशी कोडी क्वचितच पडतात. तिथे समोर आलेली अडचण बहुधा पूर्वी पाहिलेल्या कशाशी तरी मिळतीजुळती असते आणि ती ओळखण्याची ताकद वर्षांनुवर्षांच्या कामातून आलेली असते. मानसशास्त्रात रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी १९६० च्या दशकातच हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले होते: नव्याशी झुंजणारी बुद्धी आणि साठत जाणारी बुद्धी. पहिली तरुणपणीच शिखर गाठते, दुसरी साठीपर्यंत आणि पुढेही टिकते किंवा वाढते.

हे प्रत्यक्षात कसं घडतं हे टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये टायपिस्टांवर केलेल्या प्रयोगातून सुंदर उलगडतं. १९ ते ७२ वयाचे टायपिस्ट त्यांनी घेतले. समोर दिसेल त्यानुसार दोनपैकी योग्य कळ दाबा, अशा चाचणीत वयस्क टायपिस्ट अपेक्षेप्रमाणे मंद निघाले. पण मजकूर टाइप करायला दिला तेव्हा त्यांचा वेग तरुणांइतकाच होता. बोटं मंद असतील तर वेग आला कुठून? वयस्क टायपिस्टांची नजर मजकुरात जास्त पुढची अक्षरं टिपत होती. बोटं एका अक्षरावर असताना पुढच्या अक्षरांची तयारी झालेली असे. पुढचा मजकूर झाकला की हा फायदा नाहीसा होऊन त्यांचा वेग पडायचा. मला या प्रयोगातली ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अनुभव आपली कसर भरून काढतो, पण त्याला पुढचं दिसलं पाहिजे. ज्या कचेरीत काम तुकड्यातुकड्यांनी, संदर्भ तोडून, आयत्या वेळी अंगावर येतं तिथे वयस्क माणूस अडखळतो. तेच काम पूर्ण फाइल समोर ठेवून, चार दिवस आधी मिळालं तर त्याच माणसाला तोड नसते. म्हणजे त्याच्या क्षमतेचा निम्मा प्रश्न त्याच्या डोक्यात नसून कामाच्या रचनेत आहे.

आणखी एक मुद्दा आपल्या समाजाला विशेष लागू आहे. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये सुरू केलेला अभ्यास दर सात वर्षांनी त्याच माणसांच्या चाचण्या घेत दशकानुदशकं चालला. आजच्या साठीच्या माणसाची तुलना आजच्या पंचविशीच्या माणसाशी केली की वयाची घसरण फुगून दिसते, हे त्यातून स्पष्ट झालं. कारण त्या दोघांत वयाइतकाच शाळेचा, आहाराचा, औषधपाण्याचा फरक असतो. त्याच माणसाची त्याच्याच जुन्या गुणांशी तुलना केली तर साठीपर्यंत बहुतेकांत फारसा फरक आढळला नाही. वयाच्या ८१ व्या वर्षीही, आधीच्या सात वर्षांत ठळक घसरण झालेल्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. काहींचं खूप घसरलं, काही जवळजवळ होते तिथेच राहिले. वय वाढतं तसा माणसामाणसांतला फरक वाढत जातो. वीस वर्षांच्या शंभर मुलांबद्दल वयावरून काही अंदाज बांधता येईल, साठीच्या शंभर माणसांबद्दल तो सगळ्यांत कमी विश्वासार्ह ठरतो. आणि आपण नेमकं तिथेच जन्मतारखेवर सगळ्यांत जास्त विसंबतो.

पण चुकांचं काय, असं विचारलं जाईल. मंद असला तरी चालेल, चुकीचा निर्णय झाला तर? जर्मनीत वोर्थ इथल्या मर्सिडीज-बेंझच्या ट्रक कारखान्यात अॅक्सेल ब्यॉर्श-सुपान आणि माथियास वाइस यांनी जुळणीच्या साखळीवरच्या चार वर्षांच्या चुकांच्या नोंदी तपासल्या. ते काम शारीरिक, वेगाचं, म्हणजे वयस्कांना सगळ्यांत गैरसोयीचं. तिथे वयस्क कामगारांच्या हातून चुका किंचित जास्त होत होत्या, पण मोठ्या, महागात पडणाऱ्या चुका त्यांच्या हातून फारशा होत नव्हत्या. साखळीत गडबड उडाली की काय आधी वाचवायचं हे त्यांना कळत होतं. साठीपर्यंत उत्पादकता घटल्याचं त्यांना दिसलं नाही. वेगावर चालणाऱ्या साखळीची ही स्थिती, तर जमिनीच्या फेरफारांची जुनी प्रकरणं हाताळणाऱ्या अव्वल कारकुनाबद्दल आपण काय समजायचं?

बीएमडब्ल्यूच्या डिंगॉल्फिंग कारखान्यातला २००७ चा प्रयोग तर प्रत्येक आस्थापना अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. पुढच्या दहा वर्षांत आपल्या कामगारांचं सरासरी वय ४७ होणार, हे कंपनीच्या लक्षात आलं. तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनी एका साखळीवर मुद्दाम तशाच वयाचे कामगार नेमले आणि त्यांनाच विचारलं, तुम्हाला कुठे त्रास होतो? उत्तरं साधी होती. पायाखाली सिमेंटऐवजी लाकडी फरशी, बसून करता येईल अशी खुर्ची, बारीक भागांसाठी भिंग, मोठी अक्षरं, कामांची अदलाबदल. असे ७० छोटे बदल केले, खर्च झाला सुमारे ४०,००० युरो. वर्षभरात त्या साखळीची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढून तरुणांच्या साखळीच्या बरोबरीला आली.

जर्मनीत पैसा आहे, आपल्याला हे कसं परवडणार, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर आसामच्या चहाच्या मळ्यात आहे. चाळिशीपुढे जवळचं दिसायला त्रास होतो आणि खुडायची नेमकी पानं कोवळी, बारीक. ४० वर्षांवरच्या ७५१ मजुरांपैकी काहींना जवळचा चष्मा लगेच दिला, काहींना प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची खुडणी इतरांपेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यातले बहुतेक मजूर एरवी आयुष्यभर ‘आता वय झालं, हात चालत नाही’ असं ऐकत राहिले असते. आपण वयाच्या खात्यावर जे जे मांडतो त्यातलं किती चष्म्याच्या, कानयंत्राच्या, रक्तदाबाच्या गोळीच्या अभावाचं असेल याचा विचार केला की मन अस्वस्थ होतं. ऐकू कमी येणारा माणूस बैठकीत प्रश्न चुकीचा समजतो, उत्तर भलतंच देतो आणि सहकारी एकमेकांकडे बघून खूण करतात, साहेबांचं आता झालं.

शिक्षणाच्या बाबतीत आपली बेपर्वाई अधिक खोल आहे. कुठल्याही कार्यालयात नवी संगणक प्रणाली आली की प्रशिक्षणाला कुणाला पाठवतात? तिशीतल्या लिपिकाला. पंचावन्न वर्षांच्या बाईंबद्दल म्हणतात, ‘त्यांना आता काय शिकवायचं, तीन वर्षांत तर चालल्या.’ मग त्या प्रत्येक नोंदीसाठी त्या तरुणाच्या टेबलाशी उभ्या राहतात, आणि त्या उभ्या राहिलेल्या दिसल्या की सगळ्यांची खात्री पटते की या वयात जमत नाही. सिअॅटलच्याच अभ्यासात शाय आणि शेरी विलिस यांनी ६४ वर्षांवरच्या लोकांना तर्क आणि आकृत्यांच्या कौशल्याचं केवळ पाच तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. ज्यांची क्षमता घसरली होती त्यांतले सुमारे ४० टक्के लोक चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत आले. पाच तास! आपल्या प्रबोधिन्यांना यापेक्षा कितीतरी जास्त देता येईल. वयस्क माणूस नवं यंत्र शिकतो तेव्हा वेळ जास्त घेतो हे खरं, त्यामुळे त्याची तुकडी वेगळी हवी, वेग कमी हवा, हाताने करून बघायला जास्त वेळ हवा. एवढी तजवीज न करता ‘शिकत नाहीत’ असा शेरा मारणं अन्यायाचं आहे. २०००-०१ च्या सुमारास सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना राबवली आणि सुमारे एक लाख कर्मचारी-अधिकारी बाहेर पडले. संगणकीकरणाचा तो काळ होता. तालुक्याच्या शाखेत वीस-वीस वर्षं बसून कोणता कर्जदार अडचणीत आहे आणि कोण बुडवायला बसला आहे हे चेहऱ्यावरून ओळखणारी माणसं त्यांत होती. संगणक शिकवता आला असता. ती ओळख कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी तितक्याच आग्रहाने मांडणार आहे. काही माणसांची क्षमता खरोखर घसरते, आणि ती स्वतःच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या येल न्यू हेवन रुग्णालयाने ७० वर्षांवरच्या आपल्या १४१ डॉक्टर व वैद्यकीय कर्मचाऱ्यांची बौद्धिक चाचणी सक्तीची केली. त्यांतल्या १२.७ टक्क्यांमध्ये, म्हणजे साधारण आठांतल्या एकामध्ये, स्वतंत्रपणे रुग्ण तपासण्यात बाधा येईल इतकी उणीव आढळली. आठांतले सात जण ठीक होते, ही दिलाशाची गोष्ट आहे. पण त्या आठव्याच्या समोर बसलेल्या रुग्णाला तो दिलासा पुरत नाही. आपल्याकडे वैद्यकीय परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, त्यासाठी परिषदांना, व्याख्यानांना हजर राहून गुण जमवावे लागतात. हात थरथरतो का, औषधाचं प्रमाण लक्षात राहतं का, हे कुणी तपासत नाही. याउलट रेल्वेत मोटरमन, लोको पायलट यांची डोळ्यांची आणि प्रकृतीची तपासणी ठरावीक काळाने होते आणि वय वाढेल तसं दोन तपासण्यांमधलं अंतर कमी होत जातं. जिथे एका चुकीत शेकडो जीव जातात तिथे आपण माणूस तपासतो, मग इतर ठिकाणी तारीख का तपासतो?

आपल्याकडचा अडथळा संस्कृतीतलाही आहे. ज्येष्ठाला तोंडावर ‘हे तुम्हाला आता झेपत नाही’ असं सांगायला आपली जीभ धजावत नाही. त्याऐवजी त्याच्याकडची कामं गुपचूप दुसऱ्याकडे वळवतात, त्याला सह्यांपुरता ठेवतात, आणि निरोप समारंभात मोठमोठी भाषणं करतात. हा आदर नाही. आपल्याला काय होतंय हे जाणून घ्यायचा, उपचार घ्यायचा, कामाचा प्रकार बदलून मागायचा त्याचा हक्क या गप्प बसण्याने हिरावला जातो.

म्हणून सरसकट ६० करण्याला माझा विरोध आहे आणि सरसकट ५८ लाही. मधला मार्ग नव्याने शोधायचीही गरज नाही, तो आपल्या सेवानियमांत आधीपासून आहे. वयाची ५० किंवा ५५ वर्षं अथवा ३० वर्षांची सेवा झाली की कर्मचारी सेवेत पुढे ठेवण्यास पात्र आहे का, याचं पुनर्विलोकन करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. त्यासाठी समित्या बसतात, गोपनीय अहवाल आणि प्रकृतिमान पाहतात. व्यवहारात याला कुणी गांभीर्याने घेत नाही, आणि घेतलं तर नकोशा माणसाला बाहेर काढण्याचं हत्यार म्हणून घेतील अशी धास्ती कर्मचाऱ्यांना वाटते. ही धास्ती रास्त आहे. पण तेच पुनर्विलोकन वेगळ्या हेतूने करता येईल. फिनलंडमध्ये १९८१ पासून युहानी इल्मारिनेन यांच्या गटाने महापालिकांच्या सहा हजारांहून अधिक कामगारांचा अकरा वर्षं मागोवा घेतला आणि त्यातून कार्यक्षमतेचा निर्देशांक तयार केला. तो माणसाला एकट्याला मोजत नाही. माणूस आणि त्याचं काम यांचा मेळ मोजतो. अकरा वर्षांत ज्यांची कार्यक्षमता सुधारली त्यांच्या बाबतीत सगळ्यांत ठळक कारण कोणतं निघालं? वरिष्ठांची वागणूक सुधारली, हे. म्हातारपण वरिष्ठांच्या वागण्यावर इतकं अवलंबून असतं हे वाचून मी थबकलो होतो.

तेव्हा ५० व्या आणि ५५ व्या वर्षी होणाऱ्या त्या पुनर्विलोकनात दोन बाजूंना प्रश्न विचारले जावेत. कर्मचाऱ्याला: दिसतं कसं, ऐकू कसं येतं, रक्तदाब-साखर किती, कोणतं काम जड जातं, कोणतं आणखी करायला आवडेल. कार्यालयाला: याला शेवटचं प्रशिक्षण कधी दिलं, याच्या कामातला वेगाचा भाग कमी करून निर्णयाचा किंवा शिकवण्याचा भाग वाढवता येईल का, याच्याकडचं माहितीचं भांडार कुणाच्या हाती सोपवायचं ठरलं आहे का. वैद्यकीय माहिती वरिष्ठाच्या हातात जाता कामा नये, तिची जबाबदारी स्वतंत्र वैद्यकीय मंडळाकडे हवी. आणि याच्या आधारे कुणी ५६ ला हलकं काम घेईल, कुणी ६२ पर्यंत अर्धवेळ राहील, कुणी ५८ ला आनंदाने घरी जाईल.

तरुणांच्या जागांचं काय? इथे मी अर्थशास्त्रातलं ते नेहमीचं वाक्य फेकणार नाही की कामांची संख्या ठरलेली नसते. सरकारी आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, ती ठरलेली असते. एका अधिकाऱ्याला दोन वर्षं वाढवून दिली की एका उमेदवाराची दोन वर्षं जातात आणि त्याची वयोमर्यादा तोवर थांबत नाही. म्हणून मुदतवाढ पदावर नको. ५८ नंतर जे राहतील ते प्रशिक्षक, सल्लागार, अभिलेख तपासणारे, प्रलंबित प्रकरणं निकाली काढणारे म्हणून आकृतिबंधाबाहेर राहावेत आणि त्यांची खुर्ची रिकामी व्हावी. खरं तर सरकार हे आजही करतं, फक्त मनमानी पद्धतीने. ५८ ला निवृत्त झालेला अधिकारी पुढच्याच महिन्यात करार पद्धतीने विशेष कार्य अधिकारी म्हणून त्याच मजल्यावर दिसतो. २०२३ च्या जुलैमध्ये जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर घ्यायचं ठरलं तेव्हा कमाल वयाची अट होती ७० वर्षं. म्हणजे पूर्ण पगारावर शिकवायला जो ५८ ला अपात्र, तो मानधनावर ७० पर्यंत पात्र. बाहेर बी.एड., डी.एड. झालेली हजारो मुलं भरतीची वाट पाहत असताना. तरुणांचा राग या व्यवहारावर असायला हवा. शेजारच्या टेबलावरच्या वयस्क माणसाने त्यांचं काही घेतलेलं नाही.

शेवटी त्या लोकांबद्दल बोललं पाहिजे ज्यांना निवृत्तीची तारीखच नाही. शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकामाच्या मावशी, हमाल. साठीनंतर काम करायचं की नाही हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये पुरत नाहीत म्हणून ही माणसं कोयता धरतात, धुणीभांडी करतात. बुद्धीच्या बाबतीतही सगळ्यांत मोठा धोका त्यांनाच आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने सुरू झालेल्या वृद्धत्वाच्या राष्ट्रीय पाहणीशी जोडलेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आढळलं, आणि ते स्त्रियांत, खेड्यांत, शाळेत न गेलेल्यांत अधिक होतं. लॅन्सेटच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये सांगितलं की बालपणीचं अपुरं शिक्षण, कमी ऐकू येणं, उच्च रक्तदाब, मधुमेह यांसारखी चौदा कारणं हाताळली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील. साठीतली बुद्धी दहाव्या वर्षीच्या शाळेत आणि पंचेचाळिशीतल्या रक्तदाबाच्या गोळीत घडत असते. ऊसतोडीला आई-बापांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलीची शाळा सुटते, तेव्हा तिच्या म्हातारपणातून काय वजा होतं याचा हिशेब कुठल्याच खात्यात मांडला जात नाही.

मंत्रालयात ५८ की ६० यावर पुढची बैठक होईल तेव्हा दोन गोष्टी त्याच टेबलावर ठेवाव्यात अशी माझी मागणी आहे. गळीत हंगाम सुरू होताना प्रत्येक साखर कारखान्याच्या तळावर चाळिशीपुढच्या प्रत्येक तोडणी कामगाराचे डोळे, कान, रक्तदाब आणि साखर तपासून चष्मा व औषध तिथेच हातात मिळावं. आणि निवृत्तिवेतन नसलेल्या ६५ वर्षांवरच्या माणसाला इतकी रक्कम मिळावी की कामावर जायचं की नाही हे त्याला स्वतःला ठरवता यावं.